धाकट्या भावाच्या महाधमनीचं मूळ बदलायचं आहे : बेंटॉल की डेव्हिड?

पावसाळी, ३ जून, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. इथे वर्षानुवर्षं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. उंची सहा फूट चार इंच, अंगाने काटकुळा. बोटं इतकी लांब की दुसऱ्या मनगटाला विळखा घातला की अंगठा आणि करंगळी एकमेकांवर चढतात. लालबागला व्हॉलीबॉल खेळायचा, नेटवर त्याचा हात सगळ्यांच्या वर. आम्हाला त्याचं केवढं कौतुक! बाबाही असेच उंच होते. ते ४१व्या वर्षी गेले. छातीत कळ आली, ती पाठीत उतरली, टॅक्सीत घालेपर्यंत सगळं संपलं होतं. हार्ट अ‍ॅटॅक म्हणून आम्ही वीस वर्षं तेच धरून बसलो.

आता नव्या नोकरीच्या मेडिकलमध्ये डॉक्टरांना स्टेथोस्कोपवर काहीतरी वेगळं ऐकू आलं. इको केला तर महाधमनीचं, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचं, मूळ फुगून ५.१ सेंटिमीटर. सीटी अँजिओतही तेवढंच. मारफान सिंड्रोम, म्हणजे जन्मतःच महाधमनीची भिंत कमकुवत करणारा आजार. सर्जन म्हणाले, मारफानमध्ये पाच सेंटिमीटरला ऑपरेशन करायचं असं धरतात, तुम्ही त्याच्या पुढे आहात, शिवाय घरात तरुण वयात मृत्यू झालेला आहे. थांबू नका.

त्यांनी केसपेपरच्या पाठीमागे दोन चित्रं काढून दिली. एकाखाली लिहिलं बेंटॉल, दुसऱ्याखाली डेव्हिड. पहिल्यात झडपही बदलायची, धातूची घालायची, मग जन्मभर रक्त पातळ ठेवायची गोळी. दुसऱ्यात झडप त्याचीच ठेवायची आणि भोवतालची नळी तेवढी नवी. आठवड्यात विचार करून सांगा म्हणाले. तो कागद मी चार दिवस पर्समध्ये घेऊन फिरते आहे. आई ऐकते आणि गप्प बसते. भाऊ म्हणतो, ताई, तू ठरव.

जे यातून गेलेत किंवा या कामात आहेत, त्यांनी कृपया लिहा.

टिकटिक, ४ जून, सकाळी ६:१५

ताई, आधी एक सांगतो. फुटायच्या आधी सापडलं आहे. ही सगळ्यात मोठी गोष्ट.

माझं बेंटॉल २०१३ साली झालं, तेव्हा मी ३८ वर्षांचा होतो. मारफान नाही, माझी झडप जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्यांची होती आणि वर महाधमनी फुगत गेली. धातूची झडप बसवली. आज रोज डोंबिवली ते भायखळा लोकलने जातो, फक्त दारात लटकत नाही.

गोळीला घाबरू नका, पण तिला हलकंही घेऊ नका. मी अ‍ॅसिट्रोम घेतो, रोज संध्याकाळी ७ वाजता, मोबाइलचा गजर लावून. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, २ ते ३ च्या मध्ये ठेवायला सांगितलं आहे. पहिले तीन महिने दर आठवड्याला रक्त दिलं, आता महिन्याला. पालक, मेथी, कोथिंबीर बंद करायची गरज नाही. मात्र एका आठवड्यात रोज मेथी आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही, असं केलं की आकडा हलतो. श्रावणात आमच्याकडे भाज्यांचा मारा असतो, त्यात माझा आयएनआर एकदा १.४ वर आला होता. डोकेदुखीला ब्रुफेनसारखी गोळी मनाने घ्यायची नाही. दात काढायचा असेल तर आधी अँटिबायोटिक लागतं.

आणि हो, झडप वाजते. शांत खोलीत घड्याळासारखी. माझं इथलं नाव त्यावरूनच.

माझं मत विचाराल तर बेंटॉल. एकदाच काय ते होऊन जाईल. छाती दुसऱ्यांदा उघडायची वेळ येऊ नये.

मोगरा, ४ जून, दुपारी १:०५

टिकटिक यांच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर, पण मी याच्या उलट सांगेन.

माझ्या नवऱ्याचं डेव्हिड २०१९ मध्ये झालं. वय तेव्हा ३४, मारफान. आज ना अ‍ॅसिट्रोम, ना दर महिन्याचं रक्त. वर्षातून एकदा इको, त्यात 'ट्रिव्हियल लीक', म्हणजे किरकोळ गळती, लिहून येतं, तेच पहिल्या वर्षीही होतं. स्कूटरवरून पडला, गुडघा फुटला, तरी रक्त थांबेल की नाही ही धास्ती नाही. २६ वर्षांच्या मुलाला पुढची पन्नास वर्षं गोळीवर काढायची आहेत, हे ठरवताना लक्षात घ्या.

मात्र एक प्रश्न सर्जनना तोंडावर विचारा. आम्ही विचारला होता. हे ऑपरेशन तुम्ही स्वतः किती जणांवर केलंत आणि त्यातल्या किती जणांची झडप पाच वर्षांनी नीट आहे? आमच्या पहिल्या सर्जनना तो प्रश्न आवडला नाही. दुसऱ्यांनी वही काढून आकडे दाखवले. आम्ही दुसऱ्यांकडे गेलो.

पंपाशेजारी, ४ जून, रात्री १०:३०

मी परफ्युजनिस्ट आहे, म्हणजे ऑपरेशन चालू असताना हार्ट-लंग मशीन चालवणारी. थिएटरमध्ये त्याला आम्ही पंपच म्हणतो. सतरा वर्षं पंपाशेजारी बसते. निर्णय सर्जनचा आणि तुमचा आहे, पण आत काय घडतं ते नीट सांगते. चित्र स्पष्ट झालं की प्रश्नही नेमके विचारता येतात.

महाधमनी हृदयातून जिथे निघते, ते पहिले तीनेक सेंटिमीटर म्हणजे मूळ, आम्ही रूट म्हणतो. ती नुसती नळी नाही. खाली कडं, त्यात तीन पाकळ्यांची झडप, प्रत्येक पाकळीच्या मागे एक फुगीर खळगा. त्यातल्या दोन खळग्यांतून हृदयाला रक्त देणाऱ्या दोन कोरोनरी निघतात. म्हणून हे ऑपरेशन अवघड. वरची नळी बदलणं त्यामानाने सोपं. इथे झडप आणि कोरोनरी दोन्ही नव्या नळीशी जोडायच्या असतात.

मारफानमध्ये फायब्रिलिन नावाचं प्रथिन बिघडलेलं असतं, त्याची जनुक पंधराव्या गुणसूत्रावर. भिंतीतला लवचीकपणा जातो आणि रूट नासपतीसारखं फुगतं. पाकळ्या बऱ्याचदा ठीक असतात, पण चौकट ताणली गेल्यामुळे त्या एकमेकींना पुऱ्या टेकत नाहीत आणि रक्त मागे गळतं.

बेंटॉलची पद्धत १९६८ साली ह्यू बेंटॉल आणि अँथनी डी बोनो या लंडनच्या सर्जननी छापली. कापडी नळीच्या तोंडाशी झडप आधीच शिवायची आणि तो संच खाली कड्याला टाके घालून बसवायचा. त्यांच्या मूळ पद्धतीत कोरोनरीची तोंडं जागेवरच ठेवून नळीला पाडलेल्या भोकांना शिवत, आणि जुन्या फुगलेल्या भिंतीचं वेष्टण वरून गुंडाळत. अडचण अशी की वेष्टणाच्या आत रक्त साठायचं, टाक्यांवर ताण यायचा आणि पुढे तिथे खोटा फुगा तयार व्हायचा. फ्रान्सच्या काब्रोलनी त्यावर वेगळी वाट काढली : दोन्ही कोरोनरींना जोडणारी आठ-दहा मिलिमीटरची छोटी नळी घ्यायची आणि ती मोठ्या नळीला जोडायची. दुसऱ्यांदा छाती उघडताना, चिकटलेल्या ठिकाणी कोरोनरी ओढून घेता येत नाही, तेव्हा ती आजही कामाला येते. पण नेहमीची पद्धत आता बटणाची. कोरोनरीच्या तोंडाभोवतीची भिंत शर्टाच्या बटणाएवढी गोल कापून घ्यायची, थोडी मोकळी करायची आणि नळीला पाडलेल्या भोकावर शिवायची. डावं बटण आधी, कारण ते मागच्या बाजूला असतं आणि नंतर तिथे हात पोचत नाही.

डेव्हिडमध्ये झडप जागेवर ठेवतात. खळग्यांच्या भिंती कापून टाकतात, पाकळ्यांच्या कडेला चार-पाच मिलिमीटरची किनार तेवढी उरते. मग पाकळ्यांच्या खालून, आतून बाहेर, टाके काढून नळी त्या सगळ्यावर बाहीसारखी चढवतात आणि झडप नळीच्या आत पुन्हा टांगतात. ही टोरांटोच्या टायरोन डेव्हिड यांची पद्धत, १९९२ मध्ये छापलेली. मगदी याकूब यांची त्याआधीची पद्धत वेगळी. तिच्यात नळीला तीन जिभा कापून फक्त खळगे नवे करतात, खालचं कडं बांधून घेत नाहीत. मारफानमध्ये ते कडं पुढे सैल होऊ शकतं, म्हणून अशा रुग्णांत बरेच सर्जन डेव्हिडकडे झुकतात.

डेव्हिडला वेळ जास्त लागतो. तेवढा वेळ हृदय थांबवून ठेवायचं. ते काम माझ्याकडे : थंड, पोटॅशियम मिसळलेलं द्रव कोरोनरीत सोडून हृदय निपचित करायचं आणि ठरल्या वेळाने पुन्हा द्यायचं. शेवटी अन्ननलिकेतून इको करून झडप गळते का ते तिथेच बघतात. गळाली तर पुन्हा पंपावर जायचं आणि दुरुस्त करायचं किंवा बेंटॉल करायचं.

म्हणून ताई, 'बेंटॉल की डेव्हिड' याचं अर्धं उत्तर तुमच्या हातात नाहीच. पाकळ्या उघडून बघितल्याशिवाय कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. डेव्हिडची तयारी आणि बेंटॉलची संमती, दोन्ही आधी द्यावी लागते.

ताणाबाणा, ५ जून, सकाळी ९:५०

ताई, मला डॉक्टरकीतलं काही कळत नाही. मी परळच्या गिरणीत लूमवर १९ वर्षं काढली, ८२च्या संपापर्यंत. आज ज्या भागात तुम्ही रिपोर्ट घेऊन फिरता, तिथेच आम्ही पाळीला जायचो. वाचताना एक गोष्ट डोक्यात राहिली, म्हणून पंपाशेजारीताईंना विचारतो. ही जी कापडी नळी म्हणता, ते कापड कसलं? ताणा-बाण्याचं विणलेलं की होजिअरीसारखं गुंफलेलं? कारण विणलेलं घट्ट असतं, पण कापलं की कडेने धागे सुटतात. गुंफलेलं ताणलं जातं, पण त्यातून पाणी गळतं. रक्तही गळेल.

पंपाशेजारी, ५ जून, दुपारी ३:२०

काका, नेमका हाच प्रश्न सर्जननाही पडला होता.

कापड डेक्रॉनचं, म्हणजे आपलं टेरिलीन, पॉलिएस्टर. अमेरिकेत मायकेल डिबेकी यांनी १९५० च्या दशकात दुकानातून डेक्रॉनचं कापड आणून घरच्या शिलाई मशीनवर पहिल्या नळ्या शिवल्या. हृदयाजवळ विणलेलंच कापड वापरतात, ते कमी गळतं. पूर्वी नळी बसवायच्या आधी रुग्णाच्याच रक्तात भिजवून तिची भोकं बुजवत. आता कारखान्यातूनच ती कोलाजेन किंवा जिलेटिनने बुजवलेली येते. काही महिन्यांत ते विरघळतं, तोवर शरीर तिथे स्वतःचा थर चढवतं.

आणि धागे सुटण्याबद्दल : कोरोनरीसाठी नळीला भोक पाडताना सर्जन कात्री वापरत नाहीत, तापलेल्या तारेचं कॉटरी वापरतात. कड वितळून बंद होते.

ताणाबाणा, ५ जून, दुपारी ४:००

तापल्या पात्याने टेरिलीन कापायचं, हे आमच्याकडेही होतं. समाधान झालं. ताई, कापड चांगलं आहे, ते टिकेल. तुम्ही टाके घालणारा हात बघा.

निवृत्त_सिस्टर, ६ जून, रात्री ८:१५

पावसाळी, बाळा, सगळ्यांनी भावाबद्दल लिहिलं. मी तुझ्याबद्दल विचारते. तुझा स्वतःचा इको झाला का?

मारफान आईवडिलांपैकी एकाकडून येतो तेव्हा प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. उंची नसली तरी असू शकतो. तू, तुझी मुलं असली तर ती, सगळ्यांचा इको करून घे. अजून लग्न किंवा मूल व्हायचं असेल तर आधीच, कारण गरोदरपणात रूटवर ताण वाढतो.

ऑपरेशनपर्यंतचे दिवस जपायचे. बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी आणि रक्तदाब कमी ठेवणारं औषध, दिलं असेल तर एकही गोळी चुकवायची नाही. वजन उचलणं, जोर काढणं, जिम, व्हॉलीबॉल सगळं बंद. फ्लो हायमन नावाची अमेरिकेची जगप्रसिद्ध व्हॉलीबॉलपटू १९८६ मध्ये जपानमध्ये सामना चालू असताना कोसळली आणि गेली. महाधमनी फाटली होती. तिला मारफान आहे हे तिच्या मृत्यूनंतर कळलं.

पावसाळ्यात ताप-जुलाब झाले की कोपऱ्यावरचा दवाखाना सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा लिव्होफ्लॉक्सॅसिन देतो. महाधमनी फुगलेली असेल तर या गटातली औषधं टाळायची, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्येच दिला आहे. फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून ठेव.

आणि एकदम फाडल्यासारखी कळ छातीतून पाठीत गेली, तर कॅज्युअल्टीत शिरताच मोठ्याने सांगायचं : मारफान आहे, महाधमनी फुगलेली आहे, सीटी करा. नाहीतर अ‍ॅटॅक समजून रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन देतील. फाटलेल्या महाधमनीत ते जिवावर बेततं. कळेची अशी चूक मी नोकरीत दोनदा पाहिली आहे.

पैशांची अडचण असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे जा आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते ऑपरेशनच्या आधी विचार, नंतर नाही.

पावसाळी, ११ जून, रात्री ९:००

सिस्टर, तुमचं वाचून मी त्या रात्री झोपले नाही. दुसऱ्या दिवशी इको करून घेतला. माझं रूट ३.१ आहे, ठीक आहे. जनुकाची तपासणीही करायला सांगितली आहे. माझ्या चार वर्षांच्या मुलीचाही इको झाला, ती तिथे टेबलावर निवांत पडून पडद्यावरचे रंग बघत होती.

सर्जनना मोगरा यांचा प्रश्न विचारला. त्यांना राग आला नाही. डेव्हिड किती केली, त्यातल्या किती जणांना पुन्हा उघडावं लागलं, सगळं सांगितलं. मग टेबलाच्या खणातून नमुन्याची नळी काढून माझ्या हातात दिली. पांढरी शुभ्र, पेटीच्या भात्यासारख्या बारीक चुण्यांची, लांबीला एक काळी रेघ, बसवताना पीळ पडू नये म्हणून. खालच्या बाजूला थोडी फुगीर, तिथे चुण्या उभ्या. तो फुगवटा खळग्यांची नक्कल म्हणून, रक्ताचा भोवरा तिथे फिरून पाकळ्या अलगद मिटाव्यात म्हणून. मी ती दोन बोटांत धरून ओढली, ताणली गेली आणि परत आली. ताणाबाणा काका, मला तुमची आठवण झाली.

ठरलं ते असं : डेव्हिड करायचा प्रयत्न, पाकळ्या चांगल्या नसतील तर बेंटॉल, धातूची झडप. दोन्हीवर भावाने स्वतः सही केली. परवा दाखल.

टिकटिक, ११ जून, रात्री ९:४०

माझं मत काहीही असो, निर्णय बरोबर झाला आहे. त्याने स्वतः सही केली हे छान. रक्तदाते लागतील, कोणता गट ते सांगा. माझं चालणार नाही, पण ऑफिसातली चार मुलं तयार आहेत.

पावसाळी, २९ जून, रात्री ११:१०

उशिरा लिहिते आहे, माफ करा. टिकटिकदादा, तुमच्या चौघांपैकी दोघांचं रक्त लागलं. त्यांना मी फोन केला, तरी इथेही सांगते.

१५ तारखेला सकाळी साडेसातला आत नेलं. बाहेर मुसळधार पाऊस, हिंदमाताला पाणी भरलेलं, मामा दादरहून चालत आला. अकराच्या सुमारास सर्जनचे सहायक बाहेर आले. म्हणाले, झडप उघडून पाहिली, पाकळ्यांच्या कडेला, जिथे त्या भिंतीला टांगलेल्या असतात तिथे, भोकं पडून जाळी झाली आहे. त्यातली एक जवळपास तुटायला आलेली. ती ठेवली तर पाच-सात वर्षांत पुन्हा यावं लागेल. बेंटॉल करतो आहोत. मी फक्त मान हलवली.

सव्वातीनला आयसीयूत आणलं. २५ नंबरची झडप, २८ नंबरची नळी. पहिल्या रात्री नळ्यांमधून रक्त जरा जास्त येत होतं, पहाटे कमी झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी श्वासाची नळी काढली आणि त्याने पहिलं काय विचारलं तर, ताई, माझी राहिली की गेली? गेली, म्हटलं. बराच वेळ छताकडे बघत राहिला.

मी आधी वाईट वाटून घेतलं होतं. मोगरा यांच्या नवऱ्यासारखं व्हावं असं मनात फार होतं, नाही कशाला म्हणू. पण ती जाळी सर्जननी नंतर फोटोत दाखवली. पिंपळाच्या वाळक्या पानासारखी, शिरा तेवढ्या उरलेल्या. ती झडप वाचवून मी तरी काय केलं असतं?

नवव्या दिवशी घरी आलो. रात्री पंखा बंद केला की स्वयंपाकघरापर्यंत आवाज येतो. आई पहिल्या दोन रात्री उठून त्याच्या खोलीच्या दारात उभी राहिली. कालपासून झोपते आहे.

मोगरा, ३० जून, सकाळी ७:३०

बरं झालं आत बघून ठरवलं ते. आमच्या सर्जननीही हेच सांगितलं होतं, खराब पाकळ्या हट्टाने ठेवण्यापेक्षा चांगलं बेंटॉल कधीही बरं. आमच्या पाकळ्या धड निघाल्या, एवढंच. भावाला माझ्याकडून सांगा, खोकताना उशी छातीशी घट्ट धरायची, हाड सांधायला सहा ते आठ आठवडे जातात. तोवर बादलीसुद्धा उचलायची नाही.

पावसाळी, ३० जून, रात्री ८:५०

सांगितलं. उशी धरतो.

टिकटिकदादा, एक विचारायचं होतं. आज आयएनआर १.८ आला. डॉक्टरांनी गोळी एक दिवस २ मिलिग्रॅम, एक दिवस ३ अशी आलटून पालटून दिली आहे. आईचा गोंधळ होतो, कुठला दिवस कुठला ते. तुम्ही कसं लक्षात ठेवता?

टिकटिक, ३० जून, रात्री ९:२०

भिंतीवरच्या कॅलेंडरवर. महिन्याच्या सुरुवातीलाच प्रत्येक चौकोनात २ किंवा ३ लिहून टाकायचं आणि गोळी घेतली की त्यावर काट मारायची. विसरली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, डॉक्टरांना फोन करायचा. पुढचं रक्त कधी?

पावसाळी, ३० जून, रात्री ९:३०

गुरुवारी. रिपोर्ट आला की लिहिते.